दुसऱ्या सामन्याचं राहिलं

आमच्या कॅम्पात शिट्टी दोघांकडे होती. एक सिक्युरिटीच्या माणसाकडे, ती त्याने कधी वाजवली नाही. दुसरी टूल रूमच्या खिडकीतल्या माणसाकडे, आणि ती दिवसभर वाजत असे. फावडं सिमेंट न धुता परत केलं, की शिट्टी. रांग मोडली, की शिट्टी. माणूस फारच बेशिस्त निघाला तर खिशातून पिवळं कार्ड बाहेर यायचं. जुन्या फाइलचा पुठ्ठा कापून ते केलेलं होतं. खिडकीतून हात लांब करून कार्ड अगदी त्या माणसाच्या नाकासमोर धरायचं, मोठ्याने दोन आकडे मोजायचे आणि कार्ड परत खिशात. पठाण असो, फिलिपिनो असो, हसतहसत फावडं धुऊन आणायचा.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते पत्रक मीच टाईप करत होतो. पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नाही. पूर्वी आमच्याच कॅम्पात असलेल्या सुदानी लोकांनी त्यांना ‘हकम’ म्हणायला सुरुवात केली. अरबीत हकम म्हणजे पंच. पुढे सगळेच हकम म्हणायला लागले. मी त्यांना काका म्हणत असे, कारण ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे आणि मी संगमेश्वरचा. परमुलखात एवढं नातं पुरतं.

ते मला बीकॉम म्हणायचे. त्यात माझीच चूक होती. टाइम ऑफिसात लागलो तेव्हा कुठल्याही चिठ्ठीवर सही केली की खाली मी ‘बी.कॉम.’ लिहायचो. माझे वडील गवंडी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ती अक्षरं लिहिताना मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. पहिल्याच आठवड्यात मी पेन्सिल आणि फूटपट्टीसाठी त्यांच्याकडे चिठ्ठी पाठवली. ती घेऊन ते स्वतः ऑफिसात आले.

“हे खाली काय लिवलंय? गावाचं नाव?”

“बी.कॉम. आहे, काका. पदवी.”

“अच्छा. मग पट्टी कशाला मागतोस? बी.कॉम. झालास नि रेघ सरळ मारता येत नाही?”

सगळं ऑफिस हसलं. मला राग आला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. टूल रूममधल्या डब्यांवर त्यांनी हत्यारांची चित्रं काढून चिकटवली होती, आणि माझ्या सहीखाली काय आहे ते त्यांना कुणीतरी वाचून दाखवलेलं असणार. तरीही माणूस असा टोमणा मारतो, हे मला सोसलं नाही. पण ऑफिसातून जाताना ते दारात थांबले आणि म्हणाले, “बापाला कळवलंस ना सही कशी करतोस ते? कळव. खूश होईल.” मी कळवलं नव्हतं. वडिलांना वाचता येत नसे. त्या शुक्रवारी मी पत्र घातलं.

हकमांना अर्धी गोष्ट चालत नसे. तुम्ही त्यांना चहाला बोलावलं तर ते आधी विचारायचे, “आणि तू माझ्याकडे कधी येणार?” दिवस ठरला तरच यायचे. एकदा मी मटणाची वाटी त्यांच्या खोलीवर दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच वाटीत कोकमाची सोलं घालून ती परत आणून दिली. “रिकामी वाटी पाठवायची नाय,” म्हणाले. “आमच्याकडं ती मेलेल्याच्या घरून येते.” गावाकडे माझी आईही तसंच करायची, पण तिने कधी कारण सांगितलं नव्हतं.

तरुणपणी ते बोटीवर खलाशी होते. मोंबासा, दार-ए-सलाम, पोर्ट सुदान, सगळं पाहिलेलं. एकदा बोटीच्या तळात पडले आणि डावा पाय आखूड झाला. फुटबॉल ते स्वतः कधीच खेळले नव्हते. आफ्रिकेतल्या बंदरांवर माल उतरेपर्यंत आठआठ दिवस काठावर बसून त्यांनी तो पाहिला होता, तेवढंच. नियमांचं एक इंग्रजी पुस्तक त्यांना कुणा बंदरवाल्याने दिलं होतं. ते पुस्तक ते कुणाकुणाकडून वाचून घ्यायचे. मी आलो तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. एकच नियम चारदा वाचायला लावायचे, आणि मग मला शिकवायचे, “बघ, म्हणजे असं की…”

पळता येत नाही असा पंच मी दुसरा पाहिला नाही. मैदानाच्या मधोमध उभे राहून ते भोवऱ्यासारखे जागच्या जागी फिरायचे. बराचसा निकाल कानाने द्यायचे. पायाला पाय लागल्याचा आवाज आणि चेंडूला पाय लागल्याचा आवाज यात त्यांची गल्लत होत नसे. एकदा चेंडू त्यांच्याच पोटावर आपटून थांबला आणि एका मल्याळी पोराचा नक्की होणारा गोल हुकला. हकमांनी शिट्टी वाजवली, खिशातून कार्ड काढलं, हात लांब करून स्वतःच्याच नाकासमोर धरलं आणि दोन आकडे मोजले. लोक लोळले. ते मात्र अजिबात हसले नाहीत.

“एवढं कशाला करायचं, काका?” मी नंतर विचारलं.

“चूक चारशे लोकांनी बघितली,” ते म्हणाले. “मग माफी चौघांत कशी मागू?”

आमचं काम आखातातल्या हुफूफ शहराच्या बाहेर चाललं होतं. खजुराच्या बागांना पाणी नेणारे काँक्रीटचे पाट. कंपनीचे कॅम्प दोन होते. रस्त्याकडचा आमचा, भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स, बांगलादेश. बागांच्या पलीकडे पंधरा किलोमीटरवर दुसरा. तिथे सुदानी जास्त, थोडे एरिट्रियन. प्रत्येक कॅम्पात आपापल्या स्पर्धा व्हायच्या. एके दिवशी हकमांनी रेडिओवर ऐकलं की आशियातला विजेता क्लब आणि आफ्रिकेतला विजेता क्लब यांचा एक अंतिम सामना असतो आणि तो दोनदा खेळतात. एकदा यांच्या मैदानावर, एकदा त्यांच्या. दोन्ही मिळून निकाल. जेवणाच्या सुट्टीत ते लंगडत ऑफिसात आले. डोळे असे चमकत होते की मला वाटलं घरी नातू झाला.

“बीकॉम, हे तर आपल्या वाटीसारखं! तू माझ्या दारी ये, मी तुझ्या दारी येतो. मग बघू कोण जिंकला. आपल्या दारात तर कुत्रा पण वाघ असतो.”

महिनाभर त्यांनी साहेबाचं डोकं खाल्लं आणि परवानगी काढली. आमच्या कॅम्पातला विजेता विरुद्ध त्या कॅम्पातला विजेता. आशिया आणि आफ्रिका. दोन शुक्रवार, दोन मैदानं. शुक्रवारी कंपनीच्या बस रिकाम्या असायच्या, त्यातल्या दोन त्यासाठी मिळाल्या.

ते नव्वद साल, आणि ऑगस्टात इराकने कुवेत घेतलेलं होतं. रस्त्यावरून दिवसभर लष्कराच्या गाड्यांच्या रांगा उत्तरेकडे जात. तरी लढाई होईल असं आमच्यातल्या कुणालाच मनातून वाटत नव्हतं. आमच्यापुरती गोष्ट एवढीच होती की डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी पहिला सामना आमच्या मैदानावर होता, आणि गोलांना जाळी नव्हती.

स्कॅफोल्डिंगच्या पाइपांचे गोलपोस्ट होते. चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर दर सामन्यात भांडण व्हायचं. हकम म्हणाले, “जाळं मी विणतो.” त्यांचे बापजादे मासेमारीतले. गवंड्यांच्या ओळ धरायच्या नायलॉनच्या दोरीची रिळं त्यांनी जमवली, लाकडाची सुई कोरली, आणि पंधरा दिवस टूल रूमच्या खिडकीत बसून दोन जाळी विणली. एका हाताने हत्यार देत, दुसऱ्या हाताने गाठ ओढत. लोक बघायला थांबायचे. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

सामन्याच्या दिवशी सुदानी आले ते गातच बसमधून उतरले. त्यांचा कप्तान शटरिंगचा सुतार होता. ताडासारखा उंच, आणि हसला की सगळं मैदान हसल्यासारखं वाटायचं. त्याने आधी हकमांच्या दोन्ही खांद्यांना हात लावून सलाम केला, मग जाळं बोटांनी चाचपून पाहिलं आणि हाक दिली, “या हकम!” म्हणजे अहो पंच. “आज मासे धरायचेत की गोल?”

“दोन्ही,” हकम म्हणाले.

पूर्वार्धात आमच्या एका इलेक्ट्रिशियनने गोल केला. मग शेवटची पाचेक मिनिटं राहिली असताना तो सुतार मधून सुटला आणि असा सणसणीत फटका मारला की आमच्या गोलकीपरने फक्त मान वळवली. चेंडू डाव्या कोपऱ्यातून मागे, पार पाण्याच्या टाकीपाशी जाऊन थांबला. सुदानी नाचायला लागले. आमचे ओरडले, “बाहेरून! बाहेरून गेला!” मी गुणफलकाच्या टेबलापाशी होतो, मला दिसलं नाही. हकम मधोमध उभे होते. चेंडू जाळ्यात नव्हता, मागे होता. त्यांनी शिट्टी वाजवून हात हलवला. गोल नाही.

कप्तान धावत आला. “या हकम, आत गेला. आतून मागे गेला.”

“जाळं मी विणलंय, बाबा,” हकम आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाले. “त्यातून बांगडा सुटत नाही. फुटबॉल कुठून सुटेल?”

कप्तानाने एकदा जाळ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, “मालेश.” म्हणजे जाऊ दे. आपल्या चिडलेल्या पोरांना त्याने स्वतः मागे ढकललं. आम्ही एक-शून्यने जिंकलो. तीन आठवड्यांनी दुसरा सामना त्यांच्या मैदानावर, असं ठरवून बस गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हकम जाळी काढायला गेले. तासभर परत आले नाहीत म्हणून मी पाहायला गेलो. डाव्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर वर, डोकं जाईल एवढं भगदाड होतं. दोरी कुठेच तुटलेली नव्हती. गाठी सुटल्या होत्या.

“सुताची गाठ मारली मी,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. “लहानपणी सुताचं जाळं विणायचो. सुताला एक गाठ पुरते. नायलॉन सरकतं, त्याला दुहेरी मारावी लागते. हे आमच्याकडं दहा वर्षांच्या पोरीला पण ठाऊक असतं. हाताला जुनी सवय, नि डोक्यात मस्ती.” मग जाळं सोडवत म्हणाले, “तो खरं बोलत होता, आणि मी त्याला बांगड्याचं सांगितलं.”

मला उपाय लगेच सुचला. ऑफिसात जाऊन मी उत्तम इंग्रजीत पत्र टाईप केलं. पंचाच्या नजरचुकीमुळे अमुक गोल नाकारला गेला, सबब निकाल एक-एक असा धरावा. तीन प्रती. हकमांना वाचून दाखवलं आणि सहीसाठी पुढे केलं. त्यांनी हात लावला नाही.

“कागद कुणाला वाचता येतो तिथं?”

“कुणीतरी वाचून दाखवेल.”

“नाय. मैदानावर चुकलो, मैदानावरच सांगणार. त्यांच्या मैदानावर, त्यांच्या माणसांसमोर, त्याचा हात धरून. तो गोल आहे असं माझ्या तोंडानं सांगणार, मगच दुसरी मॅच सुरू करणार.” आणि माझा पडलेला चेहरा पाहून म्हणाले, “कागद चांगला झालाय, बीकॉम. पण हे कागदाचं काम नाय.”

मला ते लागलं. तीन प्रती मी फाडून टाकल्या. मनात म्हटलं, ठीक आहे, करा मग तुमच्या पद्धतीने.

दुसऱ्या सामन्याचा शुक्रवार उजाडायच्या आदल्या दिवशी लढाई सुरू झाली. जमाव करायचा नाही, एका कॅम्पातून दुसऱ्यात जायचं नाही, बस फक्त साइटसाठी. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या. भोंगा झाला की विषारी वायूच्या भीतीने दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबून आम्ही बसायचो. दम्माम-धहरानच्या बाजूला काय पडलं याच्या बातम्या मेसमध्ये भाताबरोबर वाढल्या जायच्या. काही जण रडायचे, काही नमाजाला लागले, काहींनी पत्ते काढले. हकमांनी नवं जाळं विणायला घेतलं. प्रत्येक गाठ दुहेरी.

आणि रोज सकाळी टूल रूम उघडण्याआधी ते ऑफिसच्या बाहेर येऊन उभे राहायचे. “बीकॉम, काही कळलं?”

“कशाचं?”

“मॅचचं रे. लढाई थांबली की पहिला शुक्रवार आपला, एवढं साहेबाच्या कानावर घालून ठेव.”

“घालतो.”

फेब्रुवारीत एका शनिवारी मला यादी टाईप करायला मिळाली. सुदानच्या सरकारने इराकची बाजू घेतली असं बोललं जात होतं, आणि सुदानी लोकांचे करार नवे करायचे नाहीत असं ठरलं होतं. फायनल एक्झिट. मंगळवारी सकाळी बसने जेद्दा, तिथून बोटीने. पहिल्याच पानावर सुताराचं नाव होतं. त्याच्या नावाचं स्पेलिंग तपासायला मी त्याच्या इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, प्रत काढली, तेव्हा फोटोतही तो हसत होता.

रविवारी हकम आले. “काही कळलं?” “नाही, काका.” सोमवारी आले. “काही कळलं?” “कळलं की सांगेन.” मंगळवारी नेहमीप्रमाणे आले, तेव्हा बस निघून तास झाला असेल.

लढाई फेब्रुवारीतच संपली. मार्चात कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर आमच्यापर्यंत आला. दुपारी बाराला ट्रकचे दिवे लावावे लागत. खजुराच्या पानांवर काजळी बसली. पहिल्याच शुक्रवारी हकम कुणाला न विचारता पाण्याच्या टँकरवर बसून त्या कॅम्पात निघाले. नवं जाळं गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. “चल, वाचून दाखवायला नाय, सोबतीला,” म्हणाले. मी गेलो. वाटेत तोंड उघडलं नाही. म्हटलं, तिथे गेल्यावर कळेलच.

कॅम्पात निम्म्या खोल्यांना कुलपं होती. मैदानावर वाळूचे ढीग साचले होते. मेसचा म्हातारा एरिट्रियन स्वयंपाकी तेवढा ओळखीचा निघाला. त्याने आम्हाला बाकावर बसवलं, चहा आणला. हकमांनी कप्तानाचं नाव घेतलं.

“गेला,” स्वयंपाकी म्हणाला. “महिना होत आला. सगळे गेले.”

हकमांनी पेला खाली ठेवला. मग उभे राहिले, आणि त्या एका माणसासमोर, चारशे माणसं असावीत तशा आवाजात त्यांनी सांगितलं. तो गोल होता. चेंडू आतूनच गेला होता. जाळं फाटकं होतं आणि ते मीच विणलं होतं.

स्वयंपाकी ऐकत राहिला. “त्याला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “त्याच दिवशी बसमध्ये बसायच्या आधी त्याने ते भोक पाहिलं. पोरांना म्हणाला, आज बोलू नका. म्हातारा शहाणा आहे, आपल्याकडे येईल तेव्हा स्वतःच सांगेल.” त्याने चहाचा पेला पुढे सरकवला. “जायच्या दिवशी त्याने बस थांबवली. ड्रायव्हर शिव्या देत होता. हा म्हणत होता, यादी त्यांच्याकडेही लागलीय, हकम येणार. अर्धा तास थांबला. मग सगळ्यांनी यल्ला-यल्ला, चल-चल करून त्याला वर चढवला.”

परतीचा टँकर यायला वेळ होता. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. आभाळ इतकं काळं होतं की जमीनच जास्त उजळ दिसत होती.

“बीकॉम,” हकम म्हणाले. “तो म्हणतो ती यादी. तू टाईप केलीस?”

“हो.”

“मग?”

“साहेबांनी सांगितलं होतं, काका. बाहेर बोलायचं नाही. गुप्त होती.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. “मग तू काय करणार? हुकूम तो हुकूम. तुझी नोकरी गेली असती. बापानं शिकवलंय तुला.” आणि हात तसाच ठेवून, माझं समाधान करायला म्हणाले, “त्यालाच कुणीतरी चुकीचं सांगितलं, की आपल्याकडं यादी लागलीय म्हणून.”

त्यानंतर त्यांनी एकही सामना घेतला नाही. वर्षभराने ते कायमचे गावी गेले. काही वर्षांनी त्यांच्याच गावच्या एका माणसाकडून कळलं की वारले. शेवटपर्यंत बंदरावर कुणी सुदानबिदानचं नाव काढलं की ते उठून जायचे, म्हणे.

मी पुढे बरंच शिकलो, बरंच कमावलं, माझ्या मुलांच्या नावांपुढे माझ्याहून मोठ्या पदव्या आहेत. तेव्हा हेही लिहून टाकतो. मला कुठल्याही साहेबाने काहीही सांगितलं नव्हतं. यादीत गुप्त असं काहीच नव्हतं. तिच्या दोन प्रती काढल्या होत्या, प्रत्येक कॅम्पाच्या फळ्यासाठी एक. आमची प्रत शनिवारी संध्याकाळी मीच चार टाचण्यांनी ऑफिसबाहेर लावली होती, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. रविवारी, सोमवारी आणि मंगळवारी हकम बरोबर तिच्याखाली उभे राहून मला विचारत होते, काही कळलं का.